ओढ

तिरंदाजीचं लक्ष्य जिच्यावर उभं असतं ती लाकडी घोडी पडली तेव्हा मी पंधरा पावलांवर उभी होते. लेक बाण काढत होती. दोन निघाले. तिसरा खोल रुतला होता, म्हणून तिने तो दोन्ही हातांनी धरला, एक पाय मागे रोवला आणि ओढला. बाण जागचा हलला नाही. हललं ते अख्खं लक्ष्य. चौकट, फळी, फोम, वर टाचलेला रंगीत कागद, सगळं एकत्र तिच्या दिशेनं झुकायला लागलं. तिने बाण सोडला आणि बाजूला उडी मारली. लक्ष्य तोंडावर आपटलं आणि त्यात उरलेले बाण काडकन मोडले. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

"अगं, लागलं का कुठे?"

"नाही आई. पण ते माझ्याकडे आलं."

तिला धक्का बसला होता, त्यामुळे तिने ते वाक्य दोनतीनदा म्हटलं. ते माझ्याकडे आलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं, कारण मी ती घोडी ज्या विचाराने बांधली होती त्यात लक्ष्य पुढे येईल ही शक्यताच नव्हती. ते मागे जाऊ नये यासाठी मी चार दिवस खपले होते. मागून दोन जाड टेकू दिले होते, पाठीला आडवी फळी ठोकली होती, टेकूंच्या मुळाशी दगड रचले होते. धनुष्य म्हणजे आघात, आघात म्हणजे मागे ढकलणं, तेव्हा सगळा जोर मागच्या बाजूला हवा, असं मी धरून चालले होते. पुढच्या बाजूला काहीच नव्हतं. लक्ष्य सरळ उभं, काटकोनात, आणि सगळ्या वजनाचा मध्य पुढच्या दोन पायांच्या जेमतेम मागे.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसले. लेकीचं धनुष्य २८ पौंडांचं, म्हणजे ते पूर्ण ताणायला तेवढा जोर लागतो. बाण साधारण १८ ग्रॅमचा, आणि तो सेकंदाला सुमारे ४५ मीटर वेगाने सुटतो असं धरलं. एवढा बाण १५ किलोच्या लक्ष्यात घुसून थांबला, तर त्या लक्ष्याला मिळणारा वेग किती? सेकंदाला पाच सेंटिमीटरच्या आसपास. तोही घोडी जमिनीवर टेकलेलीच नाही असं मानलं तर. कुणी खांद्याला हलकंच बोट लावावं, तेवढाच तो धक्का. ज्या आघातासाठी मी दगड वाहिले होते, तो आघात मुळात नव्हताच.

मग ओढ किती? त्याच बाणाची ऊर्जा सुमारे १८ ज्यूल. ती फोममध्ये १५ सेंटिमीटर अंतरात जिरली, तर फोमने बाणाला सरासरी १२ किलो वजनाइतक्या जोराने धरून थांबवलं. म्हणजे तो बाण सोडवायचा तर तेवढाच, कधी त्याहून जास्त जोर लावावा लागणार. आणि हा जोर लागतो जमिनीपासून १३० सेंटिमीटर उंचीवर, तरफेच्या अगदी टोकाला. बाण ढकलतो तो क्षणभर, इवलासा. माणूस ओढतो ते सावकाश, सगळ्या अंगाने आणि प्रत्येक फेरीत सहा वेळा. घोडीची खरी परीक्षा बाण लागताना होत नाही, तो काढताना होते.

हे कळल्यावर मला स्वतःचा राग आला, आणि मग एक वेगळीच उत्सुकता वाटायला लागली. आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे नियम काढून वाचले. वर्ल्ड आर्चरी ही या खेळाची जागतिक संघटना, १९३१ साली स्थापन झालेली. मैदानी स्पर्धांसाठी तिचे नियम सांगतात की लक्ष्याच्या कागदावरच्या मधल्या, सोनेरी वर्तुळाचा मध्य जमिनीपासून १३० सेंटिमीटरवर हवा, लक्ष्य १० ते १५ अंशांनी मागे कललेलं हवं, आणि ते जमिनीला पक्कं जखडलेलं हवं. का जखडायचं, तर वाऱ्याने किंवा चुकून ओढलं जाऊन ते पडू नये म्हणून. चुकून ओढलं जाऊन! ते वाचताना अंगावर काटा आला. माझ्या मागच्या अंगणात जे घडलं ते नियम लिहिणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत होतं. त्याच्याच पुढे आणखी एक वाक्य आहे: लक्ष्याच्या ज्या भागामुळे बाणाला इजा होऊ शकते तो झाकलेला असावा. माणसाची काळजी आणि बाणाची काळजी, लागोपाठच्या दोन वाक्यांत. मला ते फार आवडलं.

नवी घोडी तीन पायांची करायची ठरली. चार पायांचं काहीही ओबडधोबड जमिनीवर ठेवलं की एक पाय अधांतरी राहतो, मग आपण त्याखाली चिपा सरकवत बसतो. तीन पाय कुठल्याही जमिनीवर एकाच वेळी टेकतात. खरं तर ती तिवईच, पण लेक पहिल्या दिवसापासून तिला घोडी म्हणत आली, म्हणून घोडीच.

लाकूड चार बाय नऊ सेंटिमीटर जाडीचं घेतलं. निवडताना एक एक वासा डोळ्यासमोर धरून टोकापासून टोकापर्यंत पाहिला. पीळ पडलेला वासा नंतर कितीही बोल्ट आवळले तरी सरळ होत नाही. गाठी असल्या तर चालतं, पण जिथे भोक पाडायचं तिथे गाठ नको. तिन्ही पाय १८० सेंटिमीटरचे कापले. पुढचे दोन वर जवळ आणि खाली फाकलेले, तिसरा मागे. वरच्या टोकाला तिघांतून एकच लांब बोल्ट आरपार, दोन्हीकडे मोठे वॉशर. भोक बोल्टपेक्षा किंचित सैल ठेवलं, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि तिथे जागा नसेल तर शिरेच्या दिशेने फाटतं. मागचा पाय फार पसरू नये म्हणून त्याच्यात आणि पुढच्या आडव्या पट्टीत साखळी बांधली. आवराआवर करायची झाली की साखळी काढायची, पाय मिटायचा आणि घोडी भिंतीला टेकवायची.

कल किती द्यायचा हे ठरवायला कोनमापक हाताशी नव्हता. मी एका दोऱ्याला जड नट बांधला, झाला ओळंबा. तो पुढच्या चौकटीच्या वरच्या टोकावरून खाली सोडला. १८० सेंटिमीटरच्या पायाला १२ अंशांचा कल हवा असेल, तर पायाचं खालचं टोक दोऱ्याच्या ३७ सेंटिमीटर पुढे यायला हवं. लेक जमिनीवर पालथी झोपून टेप धरून बसली होती आणि मी मागचा पाय बोटबोट सरकवत होते. "अजून... अजून थोडं... थांब!" दोरा हलत होता. आम्ही दोघी श्वास रोखून तो थांबायची वाट पाहत होतो. नट गोल गोल फिरला, फेरे लहान होत गेले आणि शेवटी तो एका वाळक्या पानावर येऊन स्थिरावला. तिने वाचलं, "सदतीसला दोन रेषा कमी." तिथेच मी मागच्या पायाजवळ कोळशाने खूण केली. तो दोरा अजून घोडीच्या वरच्या बोल्टला गुंडाळलेला आहे.

हा कल दिसायला किरकोळ, पण त्याने दोन गोष्टी साधतात. एक म्हणजे वजन मागच्या पायाकडे जातं. दुसरी म्हणजे लांबून येणारा बाण किंचित खाली उतरत येतो, त्याला लक्ष्य सामोरं मिळतं आणि तो सरळ रुततो. आमच्या अंगणातल्या दहा मीटरांवर बाण जवळजवळ आडवाच येतो, त्यामुळे हे दुसरं कारण आम्हाला फारसं लागू नाही. पहिलं मात्र पुरेपूर लागू आहे.

तरीही कलाने एकट्याने भागत नाही. नव्या घोडीचं गणित पुन्हा मांडलं. घोडी दहा किलोची, लक्ष्य पंधरा किलोचं. बाराएक किलोच्या ओढीतली जेमतेम एक तृतीयांश ओढ ती स्वतःच्या वजनावर पेलते. बाकीची कुणीतरी पेलायला हवी. घोडी पुढे कलंडते तेव्हा ती पुढच्या दोन पायांवर फिरते आणि मागचा पाय उचलला जातो. म्हणजे मागचा पाय खाली धरून ठेवला की झालं. तो पुढच्या पायांपासून ९० सेंटिमीटर मागे असेल तर त्याच्यावर बारा किलो पुरतात. मी वीस किलोची वाळूची पिशवी टाकली, कारण एखादा बाण वरच्या कडेला रुतला की तरफ आणखी लांब होते. शिवाय लोखंडी खुंटी ठोकून पाय तिला बांधला. पहिल्या घोडीच्या पायथ्याशी मी दगडांचा ढीग रचला होता, त्याच्या तुलनेत ही एक पिशवी काहीच नाही. फक्त ती जिथे हवी तिथे आहे.

आता लक्ष्याबद्दल. बाण फोममध्ये कसा थांबतो हे मला आधी नीट माहीत नव्हतं. मला वाटायचं, फोम बाणाला समोरून अडवतो. प्रत्यक्षात थर लावलेल्या लक्ष्यात बाणाचं टोक दोन थरांमधून वाट काढत जातं आणि दोन्ही बाजूंचे थर बाणाच्या अंगाला घट्ट चिकटून त्याला घर्षणाने थांबवतात. मुठीतून दोरी सरकत असताना मूठ आवळावी तसं. म्हणून थर आडवे आणि दाबलेले हवेत. अडीच सेंटिमीटर जाडीच्या पॉलिथिलीन फोमच्या, ९० बाय ३० सेंटिमीटरच्या ४० पट्ट्या कापल्या. त्या एकावर एक रचल्या की एक मीटर उंच होतात. वर एक फळी, खाली एक फळी, दोन्ही बाजूंना आटे पाडलेल्या लोखंडी सळ्या, आणि नट आवळत आवळत तो मीटरभराचा ढीग ९० सेंटिमीटरवर आणला. पान्याच्या शेवटच्या दहाबारा फेऱ्यांना दोघींचे हात लागले. फोम कुरकुरत होता.

सळ्या लोखंडाच्या, फळ्या लाकडाच्या. कार्बनचा बाण अशा कठीण वस्तूवर आदळला की तो मोडतो किंवा, त्याहून वाईट, मोडत नाही पण आतून चिरतो. चिरलेला बाण पुढच्या वेळी धनुष्यातून सुटताना फुटू शकतो आणि त्याच्या कुसळांसारख्या चिपा हातात घुसतात. म्हणून कुठेही कठीण जागी लागलेला बाण आम्ही आधी दोन्ही हातांनी हलका वाकवून, फिरवून पाहतो, कानाशी नेऊन कुरकुर ऐकतो. शंका आली तर तो बाण बाद. त्यावर वाद नाही. सळ्यांच्या पुढे उरलेल्या फोमच्या पट्ट्या बसवल्या, फळ्यांच्या कडांना जाड रबर लावलं, बोल्टची डोकी सगळी मागच्या बाजूला घेतली. समोरून पाहिलं तर बाणाला दुखवेल असं काही दिसत नाही.

लक्ष्य घोडीवर ठेवायची आडवी फळी जमिनीपासून साधारण ८५ सेंटिमीटरवर आहे. तिथे मी पुन्हा एकदा चुकणार होते. घोडी जमिनीला जखडली, सगळं झालं, असं वाटून मी थांबले होते. लेकीने लक्ष्याच्या वरच्या कडेला हात घालून सहज पुढे ओढलं, तर घोडी जागच्या जागी आणि लक्ष्य एकटंच फळीवरून सुटायला आलं. "आई, हे बघ." मग लक्ष्याच्या पोटाभोवती आणि पुढच्या दोन्ही पायांभोवती मिळून एक रुंद पट्टा घेतला आणि कडीने ताणला. मला ते सुचलं नव्हतं. तिला सुचलं, कारण ओढणारी ती होती.

घोडी कुठे उभी करायची, यावर मी बांधण्याइतकाच वेळ घातला. २८ पौंडांच्या धनुष्याचा बाण वर तिरका सुटला तर तो शंभर मीटरच्या खूप पुढे जाऊ शकतो. अंगण कितीही मोठं असलं तरी तेवढं नसतं. आपल्या भागात घराच्या आवारात बाण चालवायला परवानगी आहे का ते आधी विचारून घ्यायला हवं, आणि शेजाऱ्यांना सांगायला हवं. लक्ष्याच्या मागे येण्याजाण्याची वाट, दार, खिडकी काही नको. आमच्या लक्ष्यामागे मातीचा उंच बांध आहे आणि बांधाच्या अलीकडे जाळी. ही जाळी मी आधी ताणून बांधली होती, छान सपाट दिसत होती. पण ताणलेल्या जाळीतून बाण आरपार जातो. ती सैल, जमिनीवर लोळेल इतकी मोकळी सोडावी लागते, म्हणजे बाण तिला ढकलत नेतो आणि नेता नेता त्याचा जोर संपतो. सैल जाळी गबाळी दिसते. दिसू दे.

बाण काढायची रीत आम्ही दोघींनी नव्याने शिकून घेतली. लक्ष्याकडे पळत जायचं नाही. रुतलेल्या बाणांची मागची टोकं नेमकी चेहऱ्याच्या, डोळ्याच्या उंचीला असतात, आणि घाईत त्यांच्यावर जाऊन आदळलेल्या माणसाला भयंकर इजा होते. बाजूने जायचं. काढणाऱ्याच्या मागे कुणी उभं राहायचं नाही, कारण बाण सुटला की तो आणि कोपर दोन्ही वेगाने मागे येतात. आणि मुख्य म्हणजे, एक तळवा बाणाशेजारी लक्ष्यावर सपाट टेकवायचा, दुसऱ्या हाताने बाण अगदी कागदाजवळ धरायचा आणि ज्या रेषेत तो आत गेला त्याच रेषेत बाहेर ओढायचा. वाकवायचा नाही. एक हात जितका ओढतो तितकाच दुसरा दाबतो, मग घोडीच्या वाट्याला ओढ जवळजवळ उरतच नाही. सगळं गणित दोन हातांच्या मध्ये मिटतं.

हे कळल्यावर मी पुन्हा त्या दिवसाकडे गेले. तिने दोन्ही हातांनी बाण धरला होता, लक्ष्यावर हात नव्हता. चूक तिची म्हणावी का? अजिबात नाही. एका हाताने निघेल एवढा तो बाण सैलच नव्हता. घर्षणाने तापून फोम बाणाला चिकटतो हे मला माहीत नव्हतं, म्हणून तिलाही माहीत नव्हतं. आता आम्ही बाणाच्या पुढच्या भागावर साबणाची वडी हलकी फिरवतो, आणि पकड मिळावी म्हणून रबराचा एक तुकडा खिशात असतो. तरीही एखादा हट्टी बाण असतोच. तेव्हा ती मला हाक मारते. मी दोन्ही तळवे लक्ष्यावर टेकवून उभी राहते आणि ती ओढते. धनुष्य मी कधी हातात घेतलं नाही, तिच्या सरावातलं हेच माझं काम. ते मला मनापासून आवडतं. फोम बाण सोडतो तो क्षण माझ्या तळव्यांना कळतो. आधी बारीक थरथर, मग एकदम मोकळं.

घोडी उभी राहून आता वर्ष होऊन गेलं. पायांची खालची टोकं सर्वांत आधी पाणी पितात, कारण लाकडाच्या कापलेल्या तोंडातून पाणी शिरांमधून वर चढतं. ती तेलात भिजवून मग रंगवली होती आणि खाली रबराचे तुकडे दिले होते, अजून तरी ठणठणीत आहेत. उन्हाने फोम भुसभुशीत होतो, म्हणून सराव संपला की ताडपत्री. वर्षात एकदा मधले थर ढिले पडले. बाण मागून डोकावायला लागले. नट दोन फेरे आवळले, तेवढ्याने भागेना, तेव्हा सळ्या सोडून सगळा ढीग उतरवला. मधल्या पट्ट्या चाळणीसारख्या झाल्या होत्या, वरच्या आणि खालच्या जवळजवळ कोऱ्या. मधल्या वर-खाली नेल्या, कोऱ्या मध्ये घातल्या. आता ती मोठ्या कागदाऐवजी चार कोपऱ्यांत चार लहान कागद लावते, म्हणजे फोमची झीज सगळीकडे वाटली जाते. ही तिचीच कल्पना नाही, तिरंदाज असंच करतात, पण तिने ते आपणहून सुरू केलं.

मागच्या आठवड्यात मी जुने कागद काढत होते. ४० सेंटिमीटरचा कागद, मध्ये सोनेरी, मग तांबडा, निळा, काळा, पांढरा. भोकं बघायची म्हणून उजेडाकडे धरला. सोनेरीत बरीच होती, तांबड्यात त्याहून जास्त, दोनचार बाहेर. पण माझी नजर गेली ती कागदाच्या डाव्या बाजूला, निळ्या आणि काळ्या वर्तुळांच्या सीमेवर. तिथे भोकं नव्हती. तिथे एक मळकट, तेलकट डाग होता, पुन्हा पुन्हा त्याच जागी पडून गडद झालेला. अंगठा वर, चार बोटं पसरलेली. तिच्या डाव्या तळव्याचा.